दोन बोटं खाली

सगुणने चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोट घालून पाहिलं. एकच मावलं. मग त्याने लाल गाडीच्या नाकावर दोन्ही तळहात टेकले आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. गाडी जेमतेम अर्धा इंच दबली. आतून ठक्क असा आवाज आला.

"स्प्रिंगा कोणी कापल्यान?"

"म्हापशात एका गॅरेजात," देवेश म्हणाला. "दोन वेढे कापले की गाडी रस्त्याक चिकटतली, असां तो मेकॅनिक म्हणालो."

"चिकटली मां? आता ती रबराच्या ठोकळ्यार बसान चलता. स्प्रिंग नावाक रवली."

कोल्हापूरकडचा महेश दहा वर्षं सगुणकडे वेल्डिंग करत होता. त्याने वाकून खालून गाडी पाहिली.

"मालक, ही गाडी हाय का चाकं लावल्यालं टेबल?"

देवेश हसला नाही. भाऊबीज अकरा दिवसांवर आली होती. त्याचे वडील गोकुळदास कमरेच्या दुखण्यामुळे चार वर्षांत चोपडे गावाच्या बाहेर पडले नव्हते. एकदा बसने निघाले आणि पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. एकदा टॅक्सीने, तेव्हाही तेच. त्यांची बहीण शेवंती डिचोलीत, सगुणच्या गॅरेजपासून चार घरं पुढे राहायची. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायची रीत, पण दरवर्षी तीच ओवाळणीचं ताट घेऊन चोपड्याला यायची, आणि परतताना दोघांचीही तोंडं उतरलेली असायची.

जुनी दोन सीटची गाडी देवेशने हौसेने घेतली, तेव्हा एक गंमत झाली. उभ्या गाडीत गोकुळदास सहज बसले आणि तासभर उठलेच नाहीत. खोलगट सीटने कंबर दोन्ही बाजूंनी धरून ठेवली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते अंगणातल्या गाडीत बसून वर्तमानपत्र वाचत. चहाही तिथेच लागायचा. गाडी सुरू केली की मात्र पहिल्या खड्ड्याला त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"मगे मूळ उंचीक आणूया," सगुण म्हणाला. "ही फट शोभेक नसता. खड्डो इलो की चाक खंय जातला? हंयच."

"उंच नाका, सगुणबाब. बाबांनीच बजावून सांगितलां. म्हणतत, माज्यासाठी तुझी हौस मोडलंस तर मी बसूचंय नाय."

सगुणने गाल खाजवला. खाली हवी आणि मऊही हवी. तेवीस वर्षं त्याने खनिजाच्या ट्रकांचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या जाड पोलादी पट्ट्या, बसवले होते. ट्रक बसला की उचलायचा, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं. आता खाणी बंद होऊन वर्ष झालं होतं. रस्त्याकडेला ओळीने उभ्या ट्रकांच्या चाकांत गवत वाढलं होतं. आलेलं काम परत पाठवण्याचे दिवस नव्हते.

"दोन बोटां," तो म्हणाला. "फट दोन बोटांची ठेवतंय. एका बोटाची ठेवल्यार ती परत ठोकळ्यार आदळतली."

महेशच्या ओळखीने कोल्हापूरला नव्या स्प्रिंगा वळवून आणल्या. मूळच्यापेक्षा इंचभर आखूड, तार किंचित जाड. आतला रबरी ठोकळा सगुणने निम्मा केला, म्हणजे चाकाला वर यायला जागा राहिली. पाच दिवस गेले. त्याने स्वतः गाडी बाजारातून फिरवून आणली. ठक्क आवाज गेला होता. खूश होऊन, महेशला स्कूटरवर मागे यायला सांगून, तो देवेशबरोबर त्याच गाडीतून चोपड्याला गेला.

गोकुळदास आधी सीटवर टेकले, मग एकेक पाय आत घेतला. देवेशने गाडी नदीपर्यंत नेऊन आणली. दाराला धरून उतरताना म्हाताऱ्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

"बरी आसा," ते म्हणाले. "झकास केलंस, मिस्त्री."

"गोकुळदासबाब, खरां सांगा."

"खरां सांगू?" म्हातारा हसला. "तुझ्या पाट्यांची याद इली."

"माझ्या?"

"सव्वीस वर्सां ट्रक चलयलंय मी. मालक तुझ्याकडसून एक जादा पाटो घालून घेय. भरलेली गाडी काय धावायची! पण रिकामी परत येताना..." त्यांनी कमरेवर थाप मारली. "चेंडू कसो उडयता, तसो उडय माका. दिसाक सात खेपा."

महेश दुसरीकडे पाहू लागला. सगुणने हात फडक्याला पुसले. हात स्वच्छच होते, तरी तो पुसत राहिला. पाटा बसवताना त्याने प्रत्येक ट्रक भरलेलाच गृहीत धरला होता. रिकाम्या ट्रकात कोणी बसलेलं असतं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग तो म्हाताऱ्याच्या समोर उकिडवा बसला.

"दुखता केन्ना? चाक खड्ड्यात जाताना, की वर येताना?"

गोकुळदासांनी चमकून पाहिलं. डॉक्टरांनीही त्यांना हे विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, जणू पुन्हा तो खड्डा पार केला.

"जाताना न्हय. वर येताना. खालसून कोण लाथ मारता तशी."

"मगे स्प्रिंग निर्दोष," सगुण उठत म्हणाला. "महेश, शॉकअप काढ चारय. नव्या स्प्रिंगेक ते म्हातारे आवरनत नाय."

शॉकअप डिचोलीला नेऊन उघडले, आतल्या पट्ट्या बदलल्या, दाट तेल भरलं. स्प्रिंगने दबावं हवं तसं, पण परत उठताना सावकाश उठावं. दुसऱ्या दिवशी गोकुळदास पुन्हा बसले.

"पुढची सुधारली. मागची डावी अजून लाथाडता."

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता मागची गुणी. पुढची जरा आळशी जाली."

"मास्तरांनी परीक्षेला बसवलंय आपल्याला," महेश जॅक लावत पुटपुटला.

"नापास जाल्यार चाय ना!" गाडीतून आवाज आला.

चौथ्या फेरीनंतर म्हाताऱ्याने काहीच दोष काढला नाही. ते कुठल्याही आधाराशिवाय उतरले, अंगणात दोन पावलं चालले आणि सुनेला हाक मारली.

"विनिता, माझो धुतलेलो सदरो खंय आसा गे?"

भाऊबीजेला सुट्टी असूनही सगुणने गॅरेज उघडलं आणि दारात खुर्ची टाकून बसला. साडेदहाला शेवंती आली. नवं लुगडं, केसात अबोली.

"सगुणा, दादा नऊ वाजता भायर सरलो म्हणान देवेशान फोन केल्लो. खंय रवले रे? वाटेत दुखूक बी लागला काय?"

तेवढ्यात म्हापशाच्या वळणावर लाल रंग दिसला.

गॅरेजसमोरचा रस्ता ट्रकांनी पार उखडला होता. सगळे त्याला वळसा घालून जात. गाडीने वळसा घेतला नाही. ती सरळ खड्ड्यांत उतरली, नाक खाली गेलं, एकदा वर आलं आणि स्थिर झालं. शेवंतीने तोंडावर हात नेला. स्टिअरिंगमागे धुतलेल्या सदऱ्यात गोकुळदास बसले होते. शेजारी देवेश दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून.

गाडी शेवंतीच्या घरापाशी थांबली नाही. खाणीच्या नाक्यापर्यंत गेली, वळली आणि हॉर्न वाजवत पुन्हा त्याच खड्ड्यांवरून गेली.

"आरे, थांबय रे कोण तेका!" शेवंती ओरडली. "थंय ताट मांडून ठेवलंय मी!"

"बस गे बाये," सगुणने उठून तिला खुर्ची दिली. "आता काय तो इतक्यात थांबना."

शेवंतीने खुर्ची रस्त्याच्या बाजूला वळवून घेतली आणि बसली.