बेटावर चालत जाता येते

पालथ्या घातलेल्या भांड्यांतून एक चमचा घसरला आणि खणकन फरशीवर पडला. तिने श्वास रोखून धरला. पलंगावरची चार वर्षांची लेक कुशीवर वळली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि परत झोपली. हुश्श. दुपारच्या या तासाभराच्या झोपेवरच तिचं सगळं लेखन चालायचं.

ती घरून काम करायची त्या पर्यटन कार्यालयाच्या पुस्तिकेची प्रस्तावना समोर उघडी होती. 'सात ओढ्यांना पोटात घेऊन आलेली ही नदी इथे जरा दम खाते.' मग पाणकावळे, वेळूची बनं, झिजलेला दगडी घाट, बेटावरचा पडका बुरूज. गेल्या वर्षीची आवृत्तीही तिनेच लिहिली होती. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

फोन थरथरला. बाबा. त्याच नदीवर चाळीस वर्षं होडी चालवणारे. टाइप करता यावं म्हणून तिने स्पीकर बारीक करून फोन टेबलावर ठेवला.

"कामात आहेस का गं?"

"नाही बाबा, बोला."

"परवा एक कुटुंब दोन पोरांना घेऊन चालत निघालं बेटाकडे. मधोमध गेले नि वरून धरणाचं पाणी आलं. होडी आडवी घातली म्हणून हाती लागले. सगळे धड आहेत. माझा खांदा तेवढा कामातून गेला. हात वर होत नाही. तुझी आई म्हणते, बरं झालं, आता तरी घरात बसाल."

तिची बोटं थांबली. "चालत कशाला निघाले?"

"पुस्तकात छापलंय म्हणे, उन्हाळ्यात बेटावर चालत जाता येते. कुठल्या दीडशहाण्याने लिहिलंय कोण जाणे. धरण होऊन दोन वर्षं झाली, रोज दुपारी पाणी सोडतात. इथलं शेंबडं पोरसुद्धा तिकडे पायी जात नाही आता."

लहानपणी ती जायची. घोट्याएवढ्या पाण्यातून, चपला हातात धरून. तेच तिने डोळे मिटून लिहिलं होतं. लेकीला ताप होता, वेळ नव्हता, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे एक फोन पुरला असता. पण फोन केला की बाबा विचारणार, घरी कधी येतेस? माहेरी जाऊन तीन वर्षं झाली होती. म्हणून तिने फोनच टाळला.

"तुमच्याच ऑफिसातलं ना ते पुस्तक? कान उपट त्याचे, मी सांगितलंय म्हणून," बाबा हसले, आणि हसताना खांदा दुखला असावा, मध्येच कण्हले. "तू लिहिलं असतंस तर आधी मला विचारलं असतंस."

आता सांगावं.

"हो बाबा," ती म्हणाली. "खांद्याला शेक द्या."

फोन ठेवून तिने नव्या प्रस्तावनेतही तसंच उतरवलेलं ते वाक्य खोडलं. 'बेटावर होडीशिवाय जाऊ नये' असं लिहिलं. शरमेने कान तापले होते. अक्षरं नीट दिसेनात.

लेक कधी उठून बसली, तिला कळलंच नाही. केस पिंजारलेले, गालावर उशीची घडी उमटलेली.

"आई, ते पुस्तक तर तू लिहिलंस ना?"

"हं."

"मग आजोबांना का नाही सांगितलंस?"