कासूचा चिखल, गुलमर्गचा बर्फ

"जन्मभर चिखलात राबायचं नाय मला," असं म्हणून आमची लेक पुतळी कासूहून थेट गुलमर्गला गेली, बर्फावर गाड्या चालवायला. मला राग आलाच. चाळीस वर्षं मी खाडीकाठी मिठागर राखलं, त्याच मिठावर ही वाढली आणि त्यालाच नावं ठेवते! दोन महिने फोनवर मी 'जेवलीस काय' एवढंच विचारत होतो.

परवा सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे दोन स्नोमोबाईल उभ्या होत्या. एक लालभडक, मोठ्या इंजिनाची, खाली चाकांऐवजी रबराचा आखूड पट्टा. दुसरी काळी, हलकी. तिचा पट्टा लांबलचक आणि त्याला बोटभर उंच दाते.

"बाबा, गाडी मीच निवडायची. वर कमरेएवढा भुसभुशीत बर्फ हाय. रुतली तर मालक मला तिकीट खिडकीवर बसवणार. पोरं लाल घे म्हणतात."

"मला कशाला इचारतेस? मी बर्फ बघितला तो पेणच्या बाजारात, पापलेटावर."

"खाली घट्ट कायच नाय, बाबा. पाय टाकला की आत."

मी ताडकन उठून बसलो.

"मग हा तर आपल्या खाडीचा चिखलच की! दोन्ही बर्फात घाल, खाली उतर आन बघ, कुठली किती बसते."

लाल गाडी नाकापर्यंत गेली. काळी वरच राहिली.

"काळीच घे. जड माणूस आधी रुततो. आपल्या जाड्या मोरूकाकाला चिखलातनं दोरानं ओढलावता, आठवतंय? आन मधी थांबू नको."

पुतळी खो खो हसली. मग सामान दाखवू लागली: हेल्मेट, फावडं, आणि बर्फाखाली गाडलं गेलं तर माणूस कुठंय ते कळवणारं एक छोटं यंत्र. ते ती गाडीवरच्या पिशवीत कोंबत होती. मी ओरडलो, "अगो, ते अंगाला बांध! उलटली की होडी एकीकडं जाते, माणूस दुसरीकडं!"

तिनं ते जॅकेटच्या आत छातीशी बांधलं. फोन मालकाकडे देऊन चढावर गेली. पांढरा धुरळा उडाला, गाडी दिसेना. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, इंदुबाईनं, माझा दंड धरला. थोड्या वेळानं काळी गाडी वरच्या टोकावरून वळून भरधाव खाली आली.

मालकानं विचारलं, "कहाँ सीखा?"

"घर पे," पुतळी म्हणाली. "हमारा चिखल है ना, उसमें. बाबाने सिखाया."

"डोळं पुसा," इंदुबाई कुजबुजली, "पोर बघतेय."

"बघू दे," मी म्हणालो.