दाराखालची खुरपी आणि लाल लिली

"ही मेली खुरपी, हिला पाचर व्हायचीबी अक्कल न्हाय," सोजरबाई पायानं दार ढकलत पुटपुटल्या. दार पुन्हा माझ्या पाठीवर आदळलं.

मित्रांनो, ती मेली खुरपी म्हणजे मी. आहे जुनी, पण दाराखाली लोळायला काही माझा जन्म झाला नव्हता. दुधनीच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाची झिजलेली लोखंडी धाव तापवून मला घडवलं आणि बाभळीचा दांडा बसवला. माझ्या म्हाताऱ्या मालकिणीने शेवटच्या आजारपणात आपल्या लेकीला, दाक्षायणीला, मला दिलं आणि सोबत परसातले लिलीचे कंद दिले. महिन्याभरात म्हातारी गेली.

दाक्षायणी सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहायची. नवरा शिवलिंगप्पा गिरणीत बदली कामगार. खोलीपुढे चटईएवढी जागा, तिथे हिची बाग. गिरणीतल्या मागांच्या झिजलेल्या धोट्यांचं कुंपण, गळक्या किटलीत पुदिना, आणि शिवलिंगप्पाच्या एका बुटात ऑफिसटाईमची फुलं. तो बूट तो अजून शोधत होता. होळी झाल्यावर आम्ही दोघींनी मधोमध कंद लावले. मी माती उकरायची, ती कंद ठेवताना आईशी कानडीत काहीबाही बोलायची. वर्षभर मुके राहणारे हे कंद मे महिन्यात नुसता दांडा वर काढतात आणि त्यावर लाल चेंडू फुलवतात.

चाळीत एक समजूत होती. रोप मागून आणलं तर रुसतं, चोरून आणलं तर जोमानं लागतं. म्हणून बायका एकमेकींच्या फांद्या खुडायच्या आणि दुसरीने तिकडे पाठ करायची. मूळ मात्र जागेवर सोडायचं, हा नेम.

शेजारच्या सोजरबाई एकदा आल्या. "तुळशीची माती हलवते की, दे जरा खुरपी." मला घेऊन गेल्या, आणि दाक्षायणी नळावर गेल्याबरोबर माझ्याच पात्याने सगळे कंद उकरले. एक ठेवला नाही. ते आपल्या अंगणात पुरले आणि मला दाराखाली सारलं.

कुणी पाहिलं नाही? अख्ख्या चाळीने पाहिलं. पण सोजरबाईंचे मालक, मानसिंग, शिवलिंगप्पाच्याच खात्यात जॉबर. बदलीवाल्याला आज काम द्यायचं की घरी पाठवायचं, ते त्यांच्या हातात. मग बोलणार कोण? दाक्षायणीसुद्धा गप्प बसली.

मी नाही बसले. त्यांच्या अंगठ्याला ठेच लावली, नव्या लुगड्याचा काठ फाडला, वारा सुटला की नेमकी सरकायची म्हणजे दार धाडकन आपटायचं. एवढ्यानं माझं पोट भरेना.

मे उजाडला आणि सोजरबाईंच्या अंगणात लाल चेंडू फुलले. दाक्षायणी उंबऱ्यावर येऊन कितीतरी वेळ बघत राहिली. मग आत गेली, तांब्या भरून आणला आणि शेजारच्या अंगणात येऊन एकेका झाडाला पाणी घातलं.

"माझ्या झाडास्नी पाणी घालाया मी मेले का गं?"

"घालू दे की अक्का. ह्यांना आमच्या हातची सवय हाय."

सवय कशी लागली, हे सोजरबाईंना विचारता येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या. नंतर रोजच. पाणी भरायला आलेल्या बायका हंडे खाली ठेवून बघायच्या. समोरची गोजरबाई पदरात हसून म्हणायची, "दाक्षायणी, सोजरच्या झाडांवर लई माया गं तुझी." सोजरबाईंनी दार लावून घेतलं तर तांब्याचा आवाज आत यायचाच. त्यांचं जेवण सुटलं. मित्रांनो, तेव्हा मला कळलं की सूड घेणं हे माझ्यासारखीचं काम नव्हे, त्याला दाक्षायणीचा हात लागतो.

मागून नेलेलं अवजार पुसून, कोरडं करून परत देत जा. आम्ही विसरत नाही.

त्या सकाळी दाक्षायणी तांब्या घेऊन वाकली, तेवढ्यात सोजरबाईंनी मला दाराखालून ओढून काढलं. दार मागे धाडकन मिटलं. नळावरच्या सगळ्याजणींच्या देखत त्यांनी मला तिच्या हातात कोंबलं.

"चोरले मी. सगळे तुझ्या आईचे हायेत. उकर आन ने, पर उद्यापास्नं पाणी घालाया येऊ नगंस, बाई."