मनगटातली काच

कांता रोज सकाळी मोरीत साबणाचा फेस करून हिरव्या बांगड्या मनगटावरून अलगद उतरवायची आणि फळीवरच्या डब्यात ठेवायची. ती नवजात बाळांच्या कक्षात नर्स होती. तिथे कोपराखाली काही घातलेलं चालत नसे. संध्याकाळी कोपरी भागातल्या घरी परतली की आधी बांगड्या, मग चहा.

सासूबाईंना, रंगूबाईंना, हे कधीच पटलं नाही. त्यांच्या काळी कासार चाळीत यायचा, हात दाबून दाबून मऊ करायचा आणि शेवटी एक जास्तीची बांगडी चढवायचा, आशीर्वादाची. त्या ऐन तरुणपणी विधवा झाल्या. बांगड्या फोडताना एक काच मनगटात घुसली, ती तिथेच राहिली. कातडीखाली तांदळाएवढी गाठ होती. डॉक्टरांकडून काढून घेऊ, असं कांता कितीदा म्हणाली; त्यांनी ऐकलं नाही. उलट टोमणा मारायच्या, "सवाष्ण बाई भुंड्या हातांनी बाहेर पडते. माझ्या सीतारामचं आयुष्य डब्यात घालून जाते."

सीताराम हसायचा. "आई, डबा घट्ट लागतो गं. काय नाय होत मला."

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनवर उभा असतानाच तो कोसळला. हृदय बंद पडलं होतं. कांता कक्षातून तशीच धावत आली. संध्याकाळी त्याला घरी आणलं. बायका जमल्या. बांगड्या फोडायची वेळ झाली, तर तिची मनगटं रिकामी. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

रंगूबाईंनी धाकट्या सुनेला, भावनाला सांगितलं, "मोरीतला डबा आण."

नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसवून कांताच्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या, फोडण्यासाठी. कोरड्या हातांवरून चढेनात, तेव्हा दोघींनी तिची बोटं आवळून धरली. कांताला कसलंच भान नव्हतं.

"रोज तूच काढायचीस ना? माझ्या पोराला तूच खाल्लंस," म्हणत रंगूबाईंनी तिचा उजवा हात पाट्यावर दाबला आणि वरवंटा मारला. काच फुटली. रक्त पाट्यावर ओघळलं. कांताची मुलगी सान्वी रडत पुढे आली, तर एकीने तिला धरून ठेवलं. बघू दे, तिलाही कळायला हवं, असं कुणीतरी म्हणालं.

ते शब्द कांताच्या कानांत शिरले. भावना डावा हात पुढे ओढत होती. कांताने तो सोडवून घेतला आणि उजव्या मनगटात रुतलेला काचेचा तुकडा चिमटीत धरून उपसला.

"हा हात नाही मिळणार."

"असं अर्धवट ठेवत नाहीत, ताई," भावना कुजबुजली.

"आई, तुमची काच अजून दुखते," कांता सासूबाईंना म्हणाली. "थंडीत कण्हता तुम्ही, मीच शेकते तो हात. ते दुखणं मला नको. माझ्या पोरीला तर नकोच."

ती उठली, मोरीत गेली. साबणाचा फेस करून तिने डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, ड्युटीला जाताना उतरवायची तशाच, आणि डब्यात ठेवल्या.

आजपासून हिच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही, असं रंगूबाईंनी बाहेर सांगून टाकलं. बायकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या कितीजणींची बाळं कांतानेच पहिल्यांदा त्यांच्या कुशीत दिली होती.

वरवंटा मांडीवर घेऊन रंगूबाई बसून राहिल्या. त्यांचा अंगठा मनगटावरच्या गाठीवरून फिरत होता. सुतक फिटल्यावर पाटा धुतला जाईल, त्यावर वाटण वाटलं जाईल, आणि हे बघत उभे राहिलेले आपण सगळे तिथे जेवायला जाऊ.