माझ्या पोटातला नवरदेव

मी स्पीकर बोलतोय. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, बोलणं हेच तर तुझं काम! खरं आहे. पण आजवर मी जे काही बोललो त्यातला एक शब्दही माझा नव्हता. कुणीतरी बटण दाबायचं आणि भलत्याच कुणाचा आवाज माझ्या तोंडून बाहेर पडायचा. आज पहिल्यांदाच मनातलं सांगतोय, तेव्हा थोडी लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी मुठीएवढा. पुढे जाळी, मागे रबरी पाठ, डोक्यावर तीन बटणं आणि कुशीला एक फट. त्या फटीत नखाएवढं कार्ड बसतं. कार्डात जे भरलेलं असेल तेच मी ओकणार, दुसरं काही नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या टोकाला बसलेली बाई प्रत्येक स्पीकर कानाशी धरायची आणि 'टुंग' असा आवाज वाजवून बघायची. दिवसभर तेच ऐकून तिचे कान किटले असणार. मला तिनं नीट ऐकलंही नाही. "चालतोय," म्हणाली आणि खोक्यात टाकलं.

पुढे एका भावानं मला विकत घेतलं आणि आपल्या बहिणीला भेट दिलं. ती माझी पहिली मालकीण. जंगलाच्या काठावर एक लॉज होतं. तिथल्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे ती घरी आणून इस्त्री करायची. त्या भागात पाऊस थांबला तरी झाडं गळतच राहतात. कपडे दोरीवर वाळतात असं तिथं कुणी म्हणत नाही, इस्त्रीखाली वाळतात. त्या वाफेनं भरलेल्या खोलीत, खिडकीच्या फळीवर मी बसायचो आणि गाणी म्हणायचो. तीही माझ्याबरोबर म्हणायची. सूर तिचा नेहमी एक पायरी वर, आणि ताल इस्त्रीचा. मला ते फार आवडायचं. आवाज उसना असला तरी आनंद माझा स्वतःचा होता.

तिचा नवरा त्याच लॉजवर गाईड होता. पाहुण्यांना जंगलात न्यायचं आणि पक्षी दाखवायचे, हे त्याचं काम. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. चालता चालता तो मध्येच थांबायचा, एक बोट वर करायचा, आणि ते बोट जिकडे वळेल तिकडे पक्षी असायचाच. शीळही झकास घालायचा. कधी पाखरं तिला उत्तर द्यायची, कधी द्यायची नाहीत. न दिलं तर तो म्हणायचा, "आज त्याची मर्जी नाही. चला पुढे." आणि लोक पुढे चालायचे.

पण ते लोक दुर्बिणवाले होते. दुर्बिणवाल्याला पक्षी दिसला की त्याचं पोट भरतं. मग आले कॅमेरावाले, हातभर लांब लेन्स घेऊन. त्यांना पक्षी नुसता दिसून भागत नाही. तो समोर हवा, उजेडात हवा, मान इकडे वळवलेला हवा आणि मागची पानं धूसर हवीत. एवढे नखरे तर मुलगी बघायला आलेले पाहुणेही करत नाहीत.

खालच्या ओढ्याच्या घळीत एक पक्षी राहायचा. जमिनीवर पालापाचोळा उलटत फिरणारा. पाठ हिरवी, पोट शेंदरी, डोळ्यावरून निळी पट्टी. असा नटूनथटून यायचा आणि सगळ्यांना ताटकळत ठेवून यायचा, म्हणून गाईड लोकांनी त्याचं नाव ठेवलं नवरदेव. मग ओघानंच पाहुणे झाले वऱ्हाड. "आज वऱ्हाड केवढं?" "गाडीभर." "आणि नवरदेव?" "रुसलाय!" अशी त्यांची सकाळची थट्टा चालायची.

लॉजच्या मालकीणबाईंनी या नवरदेवाचा फोटो दारातल्या फलकावर लावला आणि खाली लिहिलं, 'दिसणारच!'

कानसेन म्हणाला, "बाई, 'दिसू शकतो' असं लिहा ना."

"दादा, 'दिसू शकतो' वाचून एवढ्या लांब कोण येईल?" बाई हसून म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, पण त्या एका शब्दानं माझा घात केला.

कानसेननं फोनवर नवरदेवाचा आवाज टिपला, कार्डात भरला आणि मला फळीवरून उचललं.

"अहो, माझी गाणी!" बायको ओरडली.

"दोन दिवस गं."

"आणि तुमची शीळ काय गहाण ठेवलीत?"

त्यानं माझ्या कुशीत नवं कार्ड बसवलं. तिचं गाण्यांचं कार्ड बटणांच्या डबीत गेलं, आणि ते दोन दिवस काही संपले नाहीत.

तेव्हापासून माझं जग म्हणजे त्याच्या पिशवीचा बाजूचा कप्पा. चेन लावली की काळोख. चेन उघडली की ओली माती, पान वर टाकून मला लपवणं, आणि बटण. टू-हीऽऽट. टू-हीऽऽट. दिवसभर तेवढंच. पिंजऱ्यातला पोपटसुद्धा मनात आलं तर गप्प बसतो. मला तेही नाही.

माझी हाक ऐकली की नवरदेव धावत यायचा. त्याला वाटायचं, कुणी दुसरा नर आपल्या घरात घुसलाय. खाणंपिणं, घरटं सगळं सोडून तो मला शोधत फिरायचा. वऱ्हाड म्हणायचं, "किती धीट आहे बघा, अगदी जवळ आला!" कसला धीट! एकदा तो माझ्यावरच्या पानापाशी येऊन थांबला आणि जाळीतून आत बघू लागला. त्याचं शेंदरी पोट धापेनं लपलप हलत होतं. मला सांगायचं होतं, अरे घरी जा, इथं कुणी नाही. आणि त्याच क्षणी बटण दाबलं गेलं आणि मी त्याच्या तोंडावर पुन्हा आव्हान फेकलं. तो गोल गोल फिरला. मागे कॅमेरे कडकडत होते. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

गाईड लोकांत गुपित टिकत नाही. शिडी नावाचा एक उंच गाईड होता, त्यानं तो आवाज मागितला. कानसेननं फोनवरून पाठवून दिला. शिडीनं आणखी चौघांना दिला. बघता बघता जंगलभर माझी भावंडं तोच सूर आळवू लागली.

त्या मोसमात नवरदेवानं एका मोठ्या झाडाच्या मुळांत वाळक्या पानांचं घुमटासारखं घरटं केलं होतं. कानसेनला ते ठाऊक होतं. चादरीची दोन टोकं धरून बायकोला घड्या घालू लागताना तो म्हणाला, "अंडी आहेत. मी हल्ली फार वाजवत नाही."

"तुम्ही थांबलात की शिडी वाजवतो, शिडी थांबला की आणखी कुणी," ती म्हणाली. "त्या पाखराला थोडंच कळतंय कुणाची पाळी आहे ते?"

"मी नाही वाजवला तर पाहुणे शिडीकडे जातील. मग बाई मला कशाला ठेवतील?"

तिनं चादर त्याच्या हातात दिली.

मग एक दातांचे डॉक्टर आले. माणूस हौशी. फोटो काढताना सवयीनं पुटपुटायचे, "आऽ कर बाळा, मोठा आऽ कर." त्यांना नवरदेव चोच उघडलेला हवा होता. घळीत बसून बसून सगळे जळवांना रक्त पाजत होते, आणि मी बोंबलत होतो. उत्तर नाही. कानसेनचा चेहरा उतरत चालला.

आणि अचानक ओढ्यापलीकडून आलं, टू-हीऽऽट!

"आहे!" कानसेन कुजबुजला. त्याचे डोळे चमकले. "पलीकडे आहे. हळू चला."

आम्ही सरकत निघालो. मी हाक द्यायचो, समोरून जबाब यायचा, आधीपेक्षा जवळून. पण मी त्या हाकेचं शेपूट ऐकत होतो. आवाज टिपला त्या दिवशी कानसेनला सर्दी झाली होती. प्रत्येक हाकेच्या शेवटी, कान देऊन ऐकलं तर, एक बारीकसं 'खक' आहे. समोरून येणाऱ्या हाकेच्या शेवटीही ते 'खक' होतं. मला ऐकू येत होतं. कानसेनला येत नव्हतं.

झुडूप हललं. डॉक्टर म्हणाले, "आऽ कर..." आणि झुडपातून बाहेर आली एक भली मोठी लेन्स. तिच्यामागे एक चिखलानं माखलेल्या बाई, आणि त्यांच्यामागे चार पायांवर रांगणारा शिडी.

क्षणभर दोन्ही वऱ्हाडं एकमेकांच्या लेन्समध्ये बघत राहिली. मग असा हशा पिकला की विचारू नका.

"म्हणजे आपण एवढा वेळ एकमेकांनाच बोलावत होतो?" डॉक्टरांनी डोळे पुसले.

"कानसेन, अहो, स्वतःचा खोकला ओळखला नाहीत?" शिडी पोट धरून हसत होता.

कानसेनही हसला. पण हसता हसताच त्यानं मला बंद केलं. हसू ओसरल्यावर त्यानं हळूच विचारलं, "शिडी, तू खरा नवरदेव शेवटचा कधी ऐकलास?"

"परवाच की." मग शिडी थांबला. "नाही, परवा म्हणजे... तेही तुमचंच असेल."

पुढच्या सुट्टीला दुपारी कानसेन एकटाच घळीत आला. मी कप्प्यात होतोच. मुळांतल्या घरट्यापाशी त्यानं मला बाहेर काढलं आणि शेजारी ठेवलं, पण बटण दाबलं नाही. घरट्यात त्यानं दोन बोटं घातली. अंडी गार होती. मुंग्यांची रांग आत जात होती आणि बाहेर येत होती.

तो तिथंच बसून राहिला. कितीतरी वेळानं नवरदेव आला. आवाज न करता, चोरासारखा, स्वतःच्याच घरी. तो जिवंत आहे हे बघून मला रडायला यावं अशी इच्छा झाली. कानसेननं ओठ ओले केले आणि अगदी हळू, आपली जुनी शीळ घातली. आपुलकीची, कसलं आव्हान नसलेली शीळ.

नवरदेव दचकला, अंग चोरून खाली बसला आणि नेच्यांत पळून गेला.

"अरे, मी आहे रे," कानसेन म्हणाला.

त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? बाईंना सांगा." तो तसाच उठून लॉजवर गेला. "घळ बंद करा," म्हणाला, "माझ्यासकट सगळ्यांना." मालकीणबाईंनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि चक्क होकार दिला. घळीच्या तोंडाशी दोर बांधला गेला. शिडीनंही कान पकडले.

मला वाटलं, सुटलो! बायकोनं डबीतून गाण्यांचं कार्ड काढलं, त्यावर फुंकर मारली आणि माझ्या कुशीत बसवलं. अर्धं गाणं झालं असेल नसेल, तोच बाई दारात.

"दादा, फलकावर जागा रिकामी राहिलीय. नवरदेवाच्या जागी कोण?"

पडदा करपायला आला तरी बायकोनं इस्त्री उचलली नाही.

"वरच्या पठारावर एक आहे," शेवटी कानसेन म्हणाला. "शेपटीला दोन लांब पिसं असलेला."

"हाकेला येतो?"

त्यानं माझ्याकडे बघितलं.

आज मी पठारावर, एका पानाखाली पडून आहे. गाणी पुन्हा डबीत गेली. नव्या पाखराचं नावही ठेवून झालंय, धाकटा. त्याचा आवाज टिपताना कानसेननं श्वास रोखून धरला होता, या खेपेला 'खक' नाही. वऱ्हाड दबा धरून बसलंय. सगळ्यांत मागे कानसेन, मान खाली घालून.

वाचणाऱ्या माणसांनो, तुमच्याजवळ माझं एवढंच मागणं आहे. जंगलात या, जरूर या. पण 'दिसणारच' असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, ते कसं? आणि कधी काहीच न दिसता घरी गेलात, तर कुणाचा तरी संसार आज मोडला नाही असं समजा.

आणि धाकट्या, तू वर कुठंतरी बसला असशील. आता जो हाक मारेल तो तुझा वैरी नाही, तो मी आहे. तू येऊ नकोस. काही झालं तरी जागचा हलू नकोस. हे मला तुला ओरडून सांगायचंय, पण माझ्याजवळ आवाज आहे तो तुझाच.

कानसेनचा अंगठा बटणावर आला.

वरच्या फांदीवरून लगेच उत्तर आलं.