क्लच नसलेल्या गाडीचा गिअरबॉक्स

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी हिणवायला नको. एका पांढऱ्या गाडीच्या पोटात बसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ही माझी ओळख. गाडी पाहायला येणारे लोक टायरला लाथ मारून बघतात, दारं उघडझाप करतात, आरशात स्वतःचे केस नीट करतात. वाकून माझी विचारपूस मात्र कोणी करत नाही. चालायचंच. पण आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकायचं आहे.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून भारतात आलो, गाडीत बसलो, आणि पहिली बरीच वर्षं भिलाईच्या एका डॉक्टरांकडे काढली. डॉक्टर म्हातारे झाले, त्यांच्या मुलांना नवी गाडी हवी होती, म्हणून मी रायपूरला आलो, पूर्णिमाकडे.

पूर्णिमा रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या डाव्या पायात जोर नाही. साध्या गाडीत डाव्या पायानं क्लच दाबावा लागतो. ते तिला कसं जमावं? माझ्या गाडीत क्लचच नाही. गिअर बदलायचं काम माझं, तिनं फक्त उजवा पाय हलवायचा आणि डावा खुशाल टेकवून ठेवायचा.

गाडी शिकायच्या पहिल्या दिवशी तिचे बाबा शेजारी बसले होते. नत्थूबाबा म्हणजे त्याच सिलतऱ्यात उभा जन्म मशिनी दुरुस्त केलेला माणूस. ते खाली वाकून तिसरं पायडल शोधू लागले आणि सापडेना म्हणून घाबरले. "पूर्णिमा, यात काईतरी कमी हाय. परत देऊन टाक," ते म्हणाले. पूर्णिमा इतकी हसली की तिचा पाय ब्रेकवरून सुटला आणि आम्ही सगळे मैदानात हळूहळू पुढं सरकलो.

त्याआधी ती कारखान्याच्या बसनं जायची. बसच्या पायऱ्या उंच. कोणीतरी वरून हात ओढायचं, कोणीतरी खालून आधार द्यायचं. माणसं चांगली होती, पण रोज सकाळी चार लोकांसमोर उचललं जाणं तिला फार लागायचं. गाडी आल्यापासून ते बंद झालं. मी तिच्या किती कामाचा होतो हे मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

आता नत्थूबाबांच्या मायेबद्दल सांगतो. सिलतऱ्याची काळी धूळ तुम्ही पाहिली नसेल तर सांगून कळायची नाही. वाळत घातलेले कपडे, झाडांची पानं, गाडीचा टप, सगळ्यावर ती बसते. बाबांनी आयुष्यभर त्या धुळीशी भांडण केलं. त्यांच्या खिशात कायम कॉटन वेस्ट असायचं, म्हणजे कारखान्यात मशिनी आणि हात पुसायला मिळतो तो सुताचा गुंता. उघडी नळी दिसली की तिच्या तोंडात त्याचा बोळा कोंबायचा, ही तिकडची रीतच आहे.

माझ्यातलं तेल पाहायला एक पट्टी असते, ती एका नळीत खोचलेली असते. तिच्यावरचं रबरी बूच जुनं होऊन फुटलं. बाबांनी ते पाहिलं आणि कोणाला न विचारता नळीच्या तोंडाशी सुताचा बोळा गच्च बसवून टाकला. मग दर रविवारी ते बोनेट उघडायचे, पट्टी काढायचे, सुतानं पुसायचे आणि नवा बोळा लावायचे. किती प्रेमानं करायचे म्हणून सांगू. पण दर वेळी पट्टीला चिकटून थोडे धागे माझ्या आत उतरत होते. मला तोंड असतं तर मी त्यांचा हातच धरला असता.

मित्रांनो, माझं सगळं काम तेलावर चालतं. आतला पंप तेल खेचतो, त्या तेलाच्या दाबानं माझ्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात, आणि मग चाकं फिरतात. पंपाच्या आधी एक जाळी असते. आतले धागे हळूहळू त्या जाळीवर जाऊन बसू लागले आणि तेलाची वाट अडू लागली.

सकाळी घरून निघताना मी ठणठणीत असायचो. वाटेतली भनपुरी ओलांडली की मात्र दम लागायचा. पूर्णिमा पाय दाबायची, इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी रेंगाळायची. एक दिवस बिलासपूर रस्त्यावर, पुलाच्या चढावर, माझी पकड सुटलीच. मागं लोखंड भरलेले ट्रक उभे राहिले आणि हॉर्न वाजवू लागले.  पूर्णिमानं इंजिन बंद केलं, धोक्याचे दिवे लावले आणि डोळे मिटून बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा चावी फिरवली, आणि मी काही झालंच नाही असा निघालो.

ती गाडी घेऊन सुशीलच्या गॅरेजमध्ये गेली. सुशील इथलाच, हिंदीत बोलणारा, कामाला बरा. त्यानं बोनेट उघडून सुताचा बोळा पाहिला आणि म्हणाला, "अंकल ने बढ़िया जुगाड़ किया है." मग एक चक्कर मारून आला. मी आराम करून ताजा झालो होतो, त्यामुळे झकास धावलो. "दीदी, गाड़ी तो मक्खन चल रही है," तो म्हणाला. पूर्णिमाचा चेहरा पडला. हिलाच नीट चालवता येत नसेल, असं त्याला वाटलं हे तिला कळलं.

दुसऱ्या खेपेला तिनं त्याला शेजारी बसवून सिलतऱ्यापर्यंत नेलं. यावेळी मी त्याच्यासमोरच मान टाकली. सुशील गंभीर झाला. "गियरबॉक्स गया, दीदी. पुरानी गाड़ी है, निकाल दो."

घरी नत्थूबाबांनी लगेच ठरवून टाकलं. "गाडी इकून टाकू. तू बसनं जात जा, नाहीतर मी सोडून देईन स्कूटरवर. तुह्यानं आता हे झंझट होत नाही."

"बाबा, मले बसमध्ये नाही जायचं."

"काहून? लोक मदत करतेत ना?"

 पूर्णिमा अंगणात उभ्या असलेल्या गाडीत येऊन बसली. इंजिन सुरू केलं नाही. नुसती बसली आणि रडली. मित्रांनो, इतकं निरुपयोगी मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पण ही बाई रडून थांबणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना घेताना पंप अडखळला. तिथं हे नेहमीचं होतं. जाळीत कचरा बसला की पाणी आधी येतं, मग आटतं. पंप थोडा वेळ बंद ठेवला की कचरा खाली पडतो आणि पाणी पुन्हा येतं. तिनं हातातली बाटली टेबलावर ठेवली आणि तिथूनच सुशीलला फोन लावला.

"भैया, मेलेला गिअरबॉक्स आराम केल्यावर जिवंत कसा होतो?" उत्साहात ती मराठीतच बोलली, आणि मग तेच, पंपाच्या जाळीच्या गोष्टीसकट, हिंदीत सांगितलं.  सुशील म्हणाला, "बात तो सही है. लाओ, चेंबर खोलते हैं."

चेंबर म्हणजे माझ्या खालचं, तेल साठायचं पसरट भांडं. ते उतरवलं तेव्हा पूर्णिमा शेजारी उभी होती आणि नत्थूबाबा खुर्चीवर बसले होते, विकायची गाडी उगाच कशाला उघडता अशा चेहऱ्यानं. सुशीलनं तेल बोटावर घेऊन हुंगलं. जळका वास नव्हता, म्हणजे चकत्या जळल्या नव्हत्या. लोखंडाचा बारीक चुरा होता, पण माझ्या वयाला तेवढा शोभतो. मग त्यानं जाळी काढली आणि चिमट्यानं तिच्यावरून एक लांब धागा ओढला. मग आणखी एक. जाळीवर सुताची जाड साय धरली होती.

"ये कहाँ से आया?"

नत्थूबाबा खुर्चीवरून उठले. तो धागा त्यांनी हातात घेतला, बोटांत चोळला.  "हे माह्याच हातचं हाय," ते म्हणाले. "धूळ जाऊ नाही म्हणून लावत होतो, पोरी."

पूर्णिमाला राग आला होता आणि कीवही. तिचा आवाज चढला नाही. "बाबा, शाळेत तुम्ही मले उचलून नेत होते ना, तवाही मले चालायचंच होतं. हळू चालली असती, पण चालली असती. तुम्ही कधी विचारलंच नाही."

बाबांनी मान खाली घातली. सुशील उगाचच पाना पुसत राहिला.

त्यानं मला आतून स्वच्छ केलं, नवी जाळी बसवली, नवं तेल भरलं, पट्टीला नवं रबरी बूच लावलं. इंजिन चालू ठेवून, मी गरम झाल्यावर, तेल पुन्हा मोजलं. माझं तेल तसंच मोजायचं असतं. "चकत्या थोड्या घासल्यात, पण सांभाळून चालवलं तर बरीच वर्षं जातील," असं त्यानं त्याच्या हिंदीत सांगितलं. चकत्या माझ्या, आणि सल्ला पूर्णिमाला. असो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंवर जरूर माया करा. आमचं तेल बघा, धूळ पुसा, आवाज बदलला तर कान द्या. पण आम्हाला काय मानवतं ते आधी कोणा जाणत्याला विचारून घ्या, कारण आम्हाला सांगता येत नाही. आणि ज्यांना तोंड आहे, त्यांना तर त्यांचं त्यांनाच विचारा.

सोमवारी सकाळी पूर्णिमा निघाली तेव्हा नत्थूबाबा फाटकाशी आले. खिडकीवर हात ठेवून उभे राहिले.

"मी येऊ का संगं?" त्यांनी विचारलं. "तू म्हणशील तर. नाहीतर नाही येत."

पूर्णिमानं त्यांच्याकडे पाहिलं. "नको बाबा. संध्याकाळी तयार राहा. तेलीबांधाच्या तलावावर चाय प्यायले जाऊ. मी नेईन तुम्हाले."

"हव," बाबा म्हणाले, आणि खिडकीवरचा हात काढून बाजूला झाले.

बिलासपूर रस्त्यावर तोच पूल आला, मागं तसेच ट्रक होते. चढावर मी गिअर बदलला, मग पुन्हा बदलला. पूर्णिमा प्रयोगशाळेतल्या कुठल्याशा कामाचा विचार करत होती. पूल कधी चढला, कधी उतरला, तिला पत्ताही लागला नाही. गिअरबॉक्सला याहून मोठी शाबासकी नसते.