किल्लीवाल्या आजोबांचं बंद खोकं

मित्रांनो, माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे आणि मी आयुष्यात एकही कुलूप उघडलेलं नाही. मी एक जुना द्वारपाल आहे. उंची म्हणाल तर तुमच्या तळहाताएवढी, पाठीवर कासवासारखं कवच, पोटापर्यंत पांढरी दाढी आणि अर्धवट मिटलेले डोळे. मुलं मला किल्लीवाले आजोबा म्हणत. जरा टेकून बसा, कारण मी हळूहळू सांगणार आहे. मला घाई कधी नव्हतीच, आणि आता तर अजिबात नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यात गरम प्लास्टिक भरलं गेलं, साचा उघडला, आणि कडेला राहिलेलं जास्तीचं प्लास्टिक एका कामगाराने पात्याने तासून काढलं. मग सरकत्या पट्ट्यावरून मी रंगाच्या टेबलापाशी आलो. तिथे दाढी एकीने रंगवायची, कवच दुसरीने आणि डोळे तिसरीने, अशी वाटणी होती. माझी पाळी आली तेव्हा जेवणाची सुट्टी होत आली होती. डोळेवालीला भूक लागली असावी. तिने पापणीची रेघ जरा खाली ओढली आणि मला पुढे ढकललं. म्हणून मी जन्मापासूनच दमलेला दिसतो. पुढे जे जे पाहिलं, त्यावरून वाटतं की तिने चूक केली नाही.

शेवटी माझ्या पायाखालच्या गोल बैठकीत नखाएवढी चिप बसवली. ही चिप म्हणजेच आमची सारी करामत. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमबरोबर एक चपटी तबकडी मिळत असे. आमच्यापैकी कुणालाही तिच्यावर उभं केलं की तबकडीत निळा उजेड पडायचा आणि पडद्यावर तोच योद्धा, तोच ड्रॅगन चालू-बोलू लागायचा. मुलं वेडी झाली. आणि कंपनी मालामाल झाली, कारण गेम एकदाच घ्यावा लागतो, आम्ही बाहुले मात्र संपतच नव्हतो. एक घेतला की दुसऱ्यावाचून काहीतरी अडायचंच.

माझी कल्पना तर फारच चलाख डोक्यातून निघाली होती. मला लढता येत नाही, उडता येत नाही, धावण्याचं नावच काढू नका. खेळातल्या सातव्या डोंगरावर एक दगडी दार होतं आणि ते फक्त माझ्या हातून उघडायचं, एवढंच माझं काम. त्या दाराशी घरोघरची मुलं येऊन थांबली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसे सगळे माझे पाय धरू लागले. दुकानं उघडायच्या आधी रांगा लागत. माझ्या खोक्याला पुढून पारदर्शक खिडकी होती, त्यामुळे मला सगळं दिसायचं. गंमत म्हणजे त्या रांगांत मुलं थोडी आणि मोठी माणसंच जास्त असत. ही माणसं आम्हाला खेळायला नेत नव्हती, ठेवायला नेत होती. कुणीतरी एक खोकं न फोडता ठेवलं आणि पुढे चढ्या भावाने विकलं, अशी वार्ता पसरली होती. मग काय विचारता, एकाने केलं म्हणून दुसऱ्याने केलं.

मी रांगेतल्या कुणाच्या हाती लागलो नाही. दुकान एका उंच बाजार-इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. एकदा दुकानदार खालच्या रांगेसमोरून आमचा नवा माल घेऊन लिफ्टने निघाला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली. तो आधी ओरडला, मग घामाघूम झाला, आणि शेवटी माझ्याच खोक्याला म्हणाला, "आता तूच काहीतरी कर रे बाबा." मी काय करणार? तेवढ्यात लिफ्टचा मेकॅनिक आला. त्याच्याकडे दार उघडायची लांब लोखंडी किल्ली होती. मित्रांनो, खरी किल्ली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि माझी मलाच लाज वाटली.

दुकानदाराने बाहेर येताच त्याचे हात धरले आणि मला उचलून त्याला देऊन टाकलं.

"अहो, माझी पोरगी कधीची ह्याच्याच मागे लागली आहे," मेकॅनिक हरखून म्हणाला.

दुकानदार गंभीर झाला. "पण फोडू नका हं. खोक्यावर ओरखडासुद्धा नको. काही वर्षं ठेवा, पोरीच्या कॉलेजचा खर्च सुटेल."

त्या एका सल्ल्याने माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं.

मेकॅनिकचं घर दोन खोल्यांचं होतं. आतल्या खोलीत त्याच्या बायकोचं शिलाई मशीन, बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि लोखंडी कपाट. मुलीला घरात चिंगी म्हणत. तिचा दादा नुकताच शाळा संपवून बसला होता आणि महिनाअखेरीस शिकायला दूरच्या गावी, वसतिगृहात जायचा होता. दोघांनी मिळून सहा डोंगर पार केले होते. दादा मुद्दाम मागे राहायचा आणि चिंगी जीभ बाहेर काढून, रिमोट घट्ट धरून पुढे पळायची. दगडी दाराच्या पलीकडे दोन खेळाडूंना एकाच ड्रॅगनवर बसून उडता येतं, असं तिला कळलं होतं. दादा जायच्या आत तिला ते करायचं होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

मला पाहताच ती किंचाळली. पण तिच्या बाबांनी हात पुसून मला अलगद कपाटावर ठेवलं.

"हे खेळायचं नाही बाळा. तुझ्यासाठीच ठेवायचं आहे."

आतून मशीन थांबलं. "अहो, खेळणं आणलंत की मुदतठेव?"

"तुला नाही कळायचं त्यातलं. सगळे ठेवतात."

माणूस वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पोरीच्या भल्यासाठीच तो सगळं करत होता. म्हणूनच त्याला कुणी अडवू शकलं नाही.

एके दुपारी बाबा कामावर असताना दादाने मला खाली काढलं. खोकं फोडायची दोघांची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी मला खोक्यासकटच तबकडीवर ठेवलं. काही झालं नाही. माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची जाड घडी होती आणि तेवढ्या अंतरावरून तबकडीला माझी चिप ओळखू येत नव्हती.

"जरा दाब," दादा म्हणाला.

चिंगीने दोन्ही तळवे टेकून जोर दिला. तबकडीत निळा उजेड एकदा लुकलुकला. मित्रांनो, मला पहिल्यांदाच कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. पण तेवढ्यात खोक्याचा कोपरा चेपला आणि उजेड गेला तो गेलाच.

संध्याकाळी बाबांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत. खोकं मांडीवर घेऊन अंगठ्याने कोपरा सरळ करत राहिले. चिंगी रडत होती. "बाबा, दादा जाणार आहे हो. एकदाच उघडू द्या ना."

"बघ, किती चेपलंय," बाबा म्हणाले.

"खेळणं आहे का दागिना आहे?" दादाने पायात चपला सरकवल्या आणि तो बाहेर निघून गेला.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी मित्रांकडेच जाऊ लागला. घरी राहून करणार काय? खेळ पुढे सरकतच नव्हता. चिंगी एकटी टीव्ही लावायची, सातवा डोंगर चढायची, दारासमोर इकडून तिकडे फिरायची आणि बंद करायची. मी कपाटावरून पाहत राहायचो. हातभर अंतरावर असून मी तिच्या काही उपयोगाचा नव्हतो. महिना संपला. दादाची बॅग दारात आली. "सुट्टीत आलो की उघडू," तिच्या डोक्यावर टपली मारत तो म्हणाला. सुट्टी आली, तोही आला, पण आता त्याला मिसरूड फुटलं होतं आणि त्याचं तोंड सारखं फोनमध्ये असायचं. चिंगीनेही मग विचारलं नाही.

इकडे कंपनीला हाव सुटली. कारखाना बंदच होईना. जो तो मला न फोडता साठवत होता, त्यामुळे सगळीकडे मीच झालो. दुर्मिळ म्हणून ज्याच्यासाठी रांगा लागल्या, तो मी भाऊबंदांच्या रूपाने दुकानाच्या दाराशी टोपलीत पडलो, पैशाला पासरी. पुढे बाहुल्यांवाचून चालणारे खेळ आले आणि आमची मालिकाच बंद झाली.

बाबांना हे फार उशिरा समजलं. चिंगीचं कॉलेज त्यांनी जादा कामं करून पार पाडलं होतं. मग एकदा ते मला घेऊन त्याच दुकानदाराकडे गेले. तो आता मोबाइलची कव्हरं विकत होता.

"कोपरा चेपलाय," तो म्हणाला. "आणि नसता चेपला तरी घेतंय कोण? माझ्याच माळ्यावर ह्याचे भाऊबंद पोत्यात भरून पडलेत."

त्या आठवड्यात चिंगी माहेरी आली होती. बाबांनी तिच्यादेखत आईची कात्री घेतली आणि खोक्याची पट्टी कापली. इतक्या वर्षांनी मला बाहेरची हवा लागली. बाबांच्या हाताला ग्रीसचा वास होता.

"घे चिंगे. उघड तुझं दार."

तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि ती हळूच हसली. "बाबा, तबकडी कधीच भंगारात गेली. तो टीव्हीसुद्धा."

"मी शोधतो ना. जुन्या बाजारात मिळेल."

"नको हो." तिने मला टेबलावर ठेवलं. "मला दार नव्हतं हवं. दादा हवा होता, तेवढा महिनाभर."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "मग तेव्हा सांगायचंस ना गं."

"सांगितलं होतं बाबा. तुमचं लक्ष खोक्याकडे होतं."

 बाबांनी कात्री बाजूला ठेवली आणि रिकाम्या खोक्याचा चेपलेला कोपरा अंगठ्याने पुन्हा सरळ करायला घेतला. मला त्यांच्याकडे पाहवेना, पण माझे डोळे पुरते मिटत नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा. मला ते सांगवत नाही. माझ्याइतकं जपलेलं खेळणं तुम्हाला शोधून सापडणार नाही, आणि त्या जपण्याने कुणाचंही भलं झालं नाही. खेळून खेळून थकलो असतो तर मी तक्रार केली नसती. मी नुसता बसून थकलो. तुमच्या घरी कपाटावर असं एखादं खोकं असेल, तर आज ते खाली काढा. रंग उडू द्या, हात मोडू द्या, माझा एखादा भाऊबंद हरवला तरी चालेल. फक्त ज्याच्याबरोबर खेळायचं आहे, तो घरात आहे तोवर खेळून घ्या.